कुणाला आत घ्यायचं?

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याला एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि यंत्रातला मायक्रोफोन समोरच्याचं बोलणं ऐकणाऱ्याच्या कानात पोहोचवायचा. हेडफोन लावायची सोयही दोघांसाठी होती. चारचौघांत एकट्यानंच ऐकत बसणं कंपनीच्या अकिओ मोरिता यांना असभ्य वाटलं होतं. गिऱ्हाइकांना मात्र तसं काही वाटलं नाही. ज्यानं त्यानं आपापला वॉकमन घेतला आणि पुढे ते बटण गेलं.

मी नवे इअरबड्स घ्यायला गेले, तेव्हा मोरितांची ही जुनी अडचण काउंटरवर दोन खोक्यांत मांडून ठेवलेली दिसली. एकात कानात घट्ट बसणारे, नॉइज कॅन्सलेशनचे. दुसऱ्यात पाळीला बाहेरून अडकणारे, कान मोकळा ठेवणारे. विक्रेत्या मुलानं बॅटरी, बेस वगैरे काही न सांगता एवढंच विचारलं, "ताई, वापरणार कुठे?"

डेक्कन क्वीनमध्ये, हे पहिलं उत्तर. तिथे नॉइज कॅन्सलेशनला तोड नाही. या तंत्राची जिद्द बोस कंपनीच्या अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानातच धरली. झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातले हेडफोन त्यांनी लावले, पण इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकूच येईना. बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलटी लहर तयार करून ती कानाशी सोडायची, म्हणजे चढाला उतार भेटतो आणि आवाज विरतो. कल्पना त्याहून जुनी, पण बोस यांनी उरलेल्या प्रवासात त्यासाठी आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

या युक्तीला एक मर्यादा आहे. उलटी लहर तयार करायची तर पुढचा आवाज कसा असेल याचा अंदाज हवा. चाकांची, एसीची, इंजिनाची एकसुरी खर्जातली घरघर अंदाजात बसते. माणसाचं बोलणं तितकं बसत नाही. म्हणून गाडीत रुळांचा गडगडाट जवळजवळ पुसला जातो आणि कटलेटवाल्याची आरोळी, बारीक होऊन का होईना, येतेच. ज्या आवाजामागे मला बोलावणारं कुणी नाही, तो पुसायला माझी काहीच हरकत नाही.

शिवाय मोकळ्या कानाचा माणूस मनमिळाऊ आणि बंद कानाचा तुसडा, ही वाटणी गाडीत उलटते. मोकळ्या कानात गाणं गडगडाटाखाली दबतं, मग हात व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. गोंगाटात कान बंद करणं ही कानावरची दयाच असते.

पण माझे दिवस गाडीत जात नाहीत. घरी आई स्वयंपाकघरातून विचारते, "किती शिट्ट्या झाल्या गं?" तळजाईच्या टेकडीवर मागून येणारा धावणारा माणूस "साइड, साइड" म्हणतो. आता बंद इअरबड्सनाही बाहेरचा आवाज आत सोडणारा ट्रान्स्परन्सी मोड असतो, म्हणजे नारिंगी बटण परत आलं आहे, असं तो मुलगा म्हणू शकला असता. तो मोड मी चालू करीनही, पण बहुधा समोर हलणारे ओठ दिसल्यावर. आईनं शिट्ट्यांचं विचारलं ते तोवर हवेत गेलेलं असतं. बटण असलं की ऐकायची वेळ मी ठरवते. कान मोकळा असला की ती वेळ हाक मारणारा ठरवतो. घरात राहायचं तर एवढा अधिकार दुसऱ्याच्या हाती असायला हवा, असं मला वाटतं.

उरतो तिसरा प्रकार: ना यंत्राची निरुपद्रवी घरघर, ना हाक. रात्री उशिरापर्यंत चाललेला डीजे, पहाटे सुरू होणारं ड्रिलिंग, सिग्नल सुटायच्या आधीच दाबलेला हॉर्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या रस्त्याला ती कुणी कळवलेली दिसत नाही. असल्या आवाजाविरुद्ध बंद इअरबड्स हा हुकमी उपाय वाटतो, आणि नेमकं तिथेच मला तो नकोसा होतो. माझ्यापुरती शांतता विकत घेतली की माझी तक्रार संपते. खालच्या वॉचमनची आणि चौकातल्या भाजीवालीची संपत नाही. तक्रार करण्याइतकी उसंत आणि ओळखी असणारे एकेक करून कान बंद करत गेले, तर डीजेवाल्याला जाब विचारणारं उरणार कोण?

आजारी माणसानं, परीक्षेच्या मुलानं, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यानं कान जरूर बंद करावेत. त्यांनी शहर सुधारेपर्यंत थांबावं, असं म्हणण्याचा मला हक्क नाही. मी यांपैकी कुणी नव्हते. मी मोकळे घेतले. गाडीसाठी जुने वायरवाले आहेत, कानात घट्ट बसतात तेवढं पुरतं. डीजेसाठी पोलिसांचा नंबर फोनमध्ये आहे, आणि तो लावायला आवाज आधी मला ऐकू यावा लागतो.