अब्बांचे साठ शेअर आणि बाजीचा हिस्सा

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मराठीच्या व्याकरणाचा नाही, उर्दूच्या इमल्याचाही नाही. "सर, शेअर मार्केटमध्ये पैसे टाकू का?" हा आहे. स्टाफरूममध्ये विचारतात, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर विचारतात, जुने विद्यार्थी फोन करून विचारतात. मी बी.एड. झालेला भाषेचा मास्तर. यात मला काय कळणार? पण आमच्या घरात या विषयाने एक दिवस असा प्रश्न उभा केला, की त्याचं उत्तर मलाच द्यावं लागलं. आज तेवढंच सांगतो.

मे महिन्यात आमच्या पेणच्या घराची कौलं शाकारायची होती. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. अब्बांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पेटीत त्यांचा जुना पासपोर्ट होता, कुवेतच्या काही पावत्या होत्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं एक शेअर सर्टिफिकेट होतं. शेअर साठ. साल १९९५.

अब्बा कुवेतला फिटर होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. अब्बाही आले. मग रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली आणि रोह्यात भाड्याची खोली घेतली. हातात थोडे पैसे साठले, पण ते व्याजावर ठेवायला त्यांचं मन तयार नव्हतं. कारखान्यातल्या एका मित्राने शेअरचं समजावलं. अब्बांना पटलं ते एवढंच: नफा झाला तर नफ्यात वाटा, तोटा झाला तर तोट्यातही. कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवणारी होती. फिटरला आणखी काय हवं! कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर उद्या कुणीतरी 'सरांनी सांगितलं' म्हणून विकत घेईल.

अम्मीला सर्टिफिकेट दाखवलं. ती म्हणाली, "ते बुडाले रे. तुझे अब्बाच म्हणायचे, कंपनीचं पत्र यायचं बंद झालं."

पत्र बंद झालं नव्हतं. आमचा पत्ता बदलला होता. मला पेणला नोकरी लागली तेव्हा आम्ही रोह्याची खोली सोडली, आणि कंपनीला कळवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. कंपनीने दरम्यान एकास एक बोनस दिला, म्हणजे साठाचे एकशेवीस झाले. पुढे दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे पाच-पाच रुपयांचे दोन केले, म्हणजे दोनशे चाळीस. हे सगळं कागदावर आमचंच होतं, पण आमच्यापर्यंत पोचलं नाही. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, तर तो लाभांश आणि त्याचे शेअर, दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे 'आयईपीएफ'मध्ये जातात. आमचे तिथेच गेले होते. बुडाले नव्हते, सांभाळून ठेवले होते. वारसाने कागद घेऊन जायचं आणि मागायचे.

कागद म्हटलं की आमच्या लोकांची पंचाईत नावापासून सुरू होते. सर्टिफिकेटवर अब्बांच्या नावात 'मोहमद' होतं, आधार कार्डावर 'मोहम्मद', मृत्यूच्या दाखल्यावर 'महंमद' आणि पॅन कार्डावर नुसतं 'मो.'. निधीच्या संकेतस्थळावर नाव शोधताना मी एकेक स्पेलिंग टाकून पाहत होतो. चौथ्यांदा सापडलं. सही तर अब्बांनी उर्दूत केलेली. "एकच व्यक्ती" असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. वर्गात मी मुलांना दोन्ही लिप्या शिकवतो, पण त्या दिवशी कळलं की एका पेशाची किंमत किती असते.

मध्येच एकाचा फोन आला, सगळं काम करून देतो, वीस टक्के द्या. मी नको म्हटलं. निधीकडे दावा करण्यासाठी फॉर्म 'आयईपीएफ-५' आपला आपल्याला भरता येतो. वेळ लागतो, पण दलालालाही तेवढाच लागतो.

आता मूळ गोष्ट. सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव नव्हतं. असणारच नाही, कारण शेअरसाठी नामनिर्देशनाची सोय कायद्यात आली १९९९ मध्ये. नॉमिनी नसेल तर शेअर एका वारसाच्या नावावर करताना बाकीच्या वारसांचं ना-हरकतपत्र लागतं. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने कोर्टाच्या वारस दाखल्याचा मोठा व्याप नव्हता. वारस आम्ही तिघं: अम्मी, मी आणि रोह्यात दिलेली माझी मोठी बहीण. सोपं म्हणून सगळं माझ्या नावावर करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. अम्मीने सही केली. राहिली बाजी.

रविवारी दिवा-रोहा गाडीत बसलो. पिशवीत बाजीसाठी पेणचे पोह्याचे पापड आणि फाइलमध्ये इंग्रजीतलं ना-हरकतपत्र. कासू गेलं, नागोठणे गेलं. मी मनात हिशोब करत होतो. त्या दिवसाच्या भावाने, शेअरला अकराशे धरले तर दोन लाख चौसष्ट हजार. घराच्या कौलांऐवजी पत्रे टाकता येतील. मुलीला लॅपटॉप घेता येईल. खरं सांगतो, त्या हिशोबात बाजी कुठेच नव्हती. लग्नात तिला दिलं होतंच की, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

बाजीने चहा ठेवला. मी कागद पुढे केला, म्हटलं, "इथे सही कर. अब्बांच्या शेअरचं काम आहे."

तिने पेन घेतलं. मग थांबली. म्हणाली, "इंग्रजीत आहे रे. वाचून दाखव ना, मराठीत."

मी वाचायला लागलो. आम्ही खाली सही करणारे वारस... या शेअरमधील आमचा हक्क, हिस्सा... आणि पुढे सरकेना. 'स्वखुशीने सोडत आहोत' हे शब्द मला तिच्यासमोर उच्चारता येईनात. अनुवाद हे माझं रोजचं काम. चाळीस मुलांपुढे उभा राहून मी कुठलाही उतारा घडाघडा सांगतो. इथे एक ओळ अडकली.

बाजी म्हणाली, "म्हणजे माझा पण हिस्सा होता का त्यात?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "होता नाही, आहे." आणि कागद परत फाइलमध्ये ठेवला.

परतीच्या गाडीत शब्दांचाच विचार करत आलो. शेअरला उर्दूत आपण हिस्सा म्हणतो. मराठीत समभाग. बाजारात हिस्सा म्हणताना आपण किती काटेकोर असतो! ब्रोकरने दोन रुपये जास्त कापले तर लगेच तक्रार करतो. आणि ज्या हिस्स्यांचं प्रमाण सूरह निसामध्ये मोजून दिलंय, तिथे 'बहिणी कुठे मागतात' म्हणून मोकळे होतो. बाजी मागत नव्हती, कारण तिला माहीतच नव्हतं. न मागणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं. 'स्वखुशीने' हा शब्द माहिती दिल्यानंतरच लिहिता येतो.

घरी येऊन हिशोब मांडला. आजी-आजोबा आधीच गेलेले. अम्मीचा आठवा भाग: तीस शेअर. राहिले दोनशे दहा. त्यात माझे दोन भाग आणि बाजीचा एक: मला एकशेचाळीस, तिला सत्तर. हाच हिशोब उर्दूत आणि मराठीत एका कागदावर लिहिला. तिघांनी सह्या केल्या. मग पुढच्या रविवारी तोच कागद आणि ना-हरकतपत्र असे दोन्ही घेऊन रोह्याला गेलो. दोन्ही वाचून दाखवले. ना-हरकतपत्र फक्त शेअर सोडवून आणण्यापुरतं आहे, शेअर आले की सत्तर तुझ्या खात्यात, हे समजावलं. तेव्हा तिने सही केली.

अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. "हे हलाल आहे ना?" हा प्रश्न मलाही नेहमी विचारतात. मी मुफ्ती नाही, म्हणून फतवा देत नाही. उलेमांमध्येही याबाबत मतभेद आहेत. पण ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या अटी समजून घेण्यासारख्या आहेत: दारू, जुगार, व्याजाचा धंदा करणारी कंपनी नको, कंपनीच्या डोक्यावर व्याजी कर्ज मर्यादेबाहेर नको, आणि व्याजासारखं उत्पन्न अगदी थोडंच असलं तर तेवढा अंश आपल्या लाभांशातून काढून, सवाबची नियत न धरता, गरजूला द्यायचा. अशा चाळणीतून काढलेले 'निफ्टी ५० शरिया'सारखे निर्देशांक आपल्याच देशात आहेत. स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंडाने २०१४ मध्ये शरिया फंड जाहीर केला आणि सुरू व्हायच्या तोंडावर थांबवला, हे अनेकांना आठवत असेल. पण तसे दुसरे फंड त्याआधीपासून होते आणि आजही आहेत. 'आपल्यासाठी काहीच नाही' ही तक्रार म्हणून खरी नाही.

अम्मीला मी एवढंच म्हटलं, "अब्बांनी व्याज टाळायलाच हे घेतलं होतं." तिचं समाधान झालं. माझं मात्र अर्धवट झालं. माल हलाल असून भागत नाही. दुसऱ्याचा हिस्सा त्यात मिसळला की तोच माल आपल्यासाठी हलाल राहत नाही.

याच काळात धाटावला कंत्राटावर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करतो. सकाळी कमावतो, दुपारी घालवतो, रात्री झोपत नाही. मी त्याला विचारलं, "तुझ्याकडे कुठल्या कंपनीचा हिस्सा आहे?" म्हणाला, "एकाही नाही सर. आम्ही फक्त भाव वर जाणार की खाली, ते पकडतो." सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास त्याला दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. दोन लाख म्हणजे अब्बांच्या पेटीतल्या सुमारे तीन चतुर्थांश शेअरची किंमत. तो म्हणाला, "मी उरलेल्या सातात येईन." ९३ मधला प्रत्येक जण हेच म्हणाला असेल.

आमचे शेअर यायला चौदा महिने लागले. माझ्या डिमॅट खात्यात दोनशे चाळीस दिसले, त्याच आठवड्यात रोह्यात बाजीचं खातं उघडलं आणि सत्तर तिकडे पाठवले. अम्मीचे तीस अम्मीकडे. तेव्हा बाजीने पहिल्यांदा सांगितलं की भाचीच्या नर्सिंगच्या फीसाठी तिने बांगड्या तारण ठेवल्या आहेत. त्या रविवारी चहाचा कप पुढे करताना तिचे हात मोकळे होते. मी पाहिले होते, पण मनावर घेतले नव्हते.

तिने विचारलं, "विकू की ठेवू?"

मी म्हटलं, "तुझे आहेत. तू ठरव."

तिने चाळीस विकले, बांगड्या सोडवल्या आणि तीस ठेवले. "अब्बांनी घेतलेले आहेत, सगळे कसे विकू?" म्हणाली. मी सल्ला दिला असता तर तो याहून चांगला नसता.

नंतर मी माझ्या खात्याचं नामनिर्देशन उघडून पाहिलं. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून लिहितो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलं: नॉमिनीच्या हाती शेअर येतात, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं म्हणून मुलीचा हिस्सा जात नाही. मृत्युपत्रानेही आपल्याला एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, आणि वारसालाच जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

तेव्हा 'शेअर मार्केटमध्ये पैसे टाकू का' असं मला विचारणाऱ्यांना मी आता उलट विचारतो. घरात कुणाला माहीत आहे का, तुमचं काय कुठे आहे? पत्ता, फोन नंबर, बँक खातं बदललं तेव्हा कळवलं का? सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का? आणि तुमच्या मागे ज्यांचा हिस्सा आहे, त्यांना तो आहे हे ठाऊक आहे का? भाव वर जाईल की खाली, हे मला सांगता येत नाही. पण हे चार प्रश्न आपल्या हातातले आहेत.

अब्बांची पेटी पुन्हा माळ्यावर गेली आहे. त्यात आता एक वही आहे, उजवीकडून उर्दूत आणि डावीकडून मराठीत लिहिलेली. माझ्या बायकोला आणि दोन्ही मुलींना ती कुठे आहे ते माहीत आहे.