खोली मिळाली ना?

हवानात चार रात्री हॉटेल सेवियामध्ये राहिलो. १९०८ साली उघडलेलं हे हॉटेल प्रादो नावाच्या झाडांच्या रस्त्यालगत आहे. ग्रॅहम ग्रीनच्या ‘अवर मॅन इन हवाना’ या कादंबरीतली ५०१ नंबरची खोली इथलीच, म्हणून मी ते निवडलं होतं. आत पाऊल टाकलं आणि ग्रीन विसरलो. कमानी, रंगीत फरशा, मधलं अंगण. ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं.

काउंटरवर पासपोर्ट दिला तेव्हा सवयीनं छाती धडधडली. काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका शहरात लॉजवाल्यानं आधी ‘खोली आहे’ म्हटलं आणि आधार कार्ड बघितल्यावर ‘आत्ताच गेली’ म्हटलं. सोबत अम्मी होती. रात्र एसटी स्टँडवर काढली, तिथल्याच बाकावर बसून तिनं फजर पढली. तेव्हापासून हॉटेलात नाव लिहिताना मी समोरच्याचा चेहरा वाचतो. इथल्या बाईंनी माझं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं, हसल्या, किल्ली दिली.

इमारतीची सगळी धाटणी ग्रॅनडाच्या अलहम्बरावरून घेतलेली. स्पॅनिशमध्ये या फरशांना ‘असुलेहो’ म्हणतात, तो शब्दही मूळ अरबी. अलहम्बराच्या भिंतींवर जागोजागी कोरलंय, अल्लाहशिवाय कुणीही विजेता नाही. माझे डोळे इथल्या नक्षीतही अक्षरं शोधत राहिले.

१४९२ च्या जानेवारीत ग्रॅनडा पडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलंबस क्युबाला पोचला. पुढे स्पेनच्या राजानं मुसलमानांना, अगदी धर्म बदललेल्यांनाही, या मुलखात यायला मनाई केली. गुलाम म्हणून आणलेल्या मांदिंगांमध्ये मात्र काही मुसलमान होते. त्यांना कुणी परवानगी विचारली नव्हती. आणि ४०० वर्षांनी श्रीमंत पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायचं ठरलं तेव्हा शैली कुठली, तर मूरांची! नक्षी हवी, माणूस नको. आपल्याकडे बिर्याणी आणि कव्वाली सगळ्यांना आवडते, भाडेकरू मात्र चालत नाही, तसंच काहीसं.

शहरात आता मशीद आहे, ओफिसिओस रस्त्यावर, २०१५ मध्ये सुरू झालेली. जुम्मा तिथेच पढलो.

पहिल्या संध्याकाळी मात्र खोलीतच नमाज पढायची होती. इथं मगरिब, म्हणजे घरी फजर. अम्मी जागीच असणार. फोन लावला. सलामनंतर तिचा पहिला प्रश्न, “खोली मिळाली ना रे?”

“मिळाली अम्मी. चांगली आहे.”

“नाव खरंच सांगितलंस ना?”

“खरंच.”

मग म्हणाली, “बरं, पश्चिमेकडे तोंड कर आणि पढून घे.” आयुष्यभर आम्ही पश्चिमेकडेच तोंड केलेलं. मी म्हटलं, “अम्मी, इथून काबा ईशान्येला आहे.” ती जरा वेळ गप्प झाली. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, असा तिचा विचार चालला असावा.

“फरशी गार असेल,” ती म्हणाली, “खाली चादर अंथर.”