साडेतीनशे रुपयांचा विमा

पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या दारात मोटारसायकल उभी आहे त्यांनी वाचाच.

मागच्या वर्षी माझ्या गाडीचा विमा संपला. १२५ सीसीची जुनी गाडी. पीयूसी काढायला गेलो तर शेजारीच एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि प्रिंटर. पोरगा म्हणाला, "दादा, कशाला हजार-बाराशे घालवता? साडेतीनशेत वर्षाचा करून देतो." पाच मिनिटांत रंगीत कागद हातात. वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाने तो कागद घडी करून खिशात ठेवला. वर चुलत भावालाही त्याच टेबलाचा पत्ता दिला.

दोन महिन्यांपूर्वी भावाच्या गाडीची एका आजोबांना धडक बसली. मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी कागद मागितले, आणि कंपनीकडून उत्तर आलं की या नंबरची पॉलिसीच नाही. रात्री घरी येऊन मी माझा कागद काढला. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. विमा कधीच संपलेला. वर्षभर मी बिनविम्याची गाडी फिरवत होतो.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या कागदाचं तुम्ही बघा बाबा, पण ह्यांच्या दवाखान्याचं कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाऊ दुकानात कामाला, पगार १४ हजार. उद्या भरपाईचा निकाल लागला तर पैसे कंपनी देणार नाही, त्यालाच द्यावे लागतील. त्याच्याकडे नसतील तर आजोबा तसेच राहणार. थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीसाठी नसतोच मित्रांनो, तो समोरच्या माणसासाठी असतो, हे मला तिथे कळलं.

आता कामाचं सांगतो.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४ आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये वर्षाला. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आपल्या साध्या १०० किंवा १२५ सीसी गाडीला साधारण ८४३ रुपये. कुठल्याही कंपनीत जा, हा आकडा तोच. त्यामुळे साडेतीनशेत कुणी देत असेल तर तो विमा नाही, नुसता कागद आहे.

घासाघीस होते ती 'ओन डॅमेज'वर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. तो सक्तीचा नाही. गाडीची किंमत पंधरा-वीस हजारांवर आली असेल तर घ्यायचा की नाही, याचा विचार करा. घेणार असाल तर तीन-चार कंपन्यांचे दर बघा. क्लेम केला नसेल तर या भागावर पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पण विमा संपून ९० दिवस उलटले की ती सूट गेली.

मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा मात्र सोडू नका. त्याचे दर कंपनीगणिक वेगळे असतात. तसा विमा आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा पैसे भरू नका. नवीन गाडी घेताना शोरूमवाल्याचाच विमा घ्यायची सक्ती नसते, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो. पाच वर्षांत माणूस विसरून जातो. २०१९-२० मध्ये गाडी घेतली असेल तर आजच कागद काढून तारीख बघा.

पैसे थेट कंपनीलाच भरा, कुणाच्या खाजगी नंबरवर नको. ऑनलाइन जमत नसेल तर सीएससी केंद्रात किंवा ओळखीच्या अधिकृत एजंटकडे जा. पॉलिसी हातात आली की नंबर कंपनीकडून तपासून घ्या आणि काही दिवसांनी एमपरिवहनवर नोंद दिसते का बघा.

बिनविमा सापडलात तर पहिल्यांदा २ हजार दंड, पुन्हा सापडलात तर ४ हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण चौकात दंडाची पावती फाडणाऱ्या यंत्रणेला माझा एक प्रश्न आहे. हे टेबल कुणालाच कसं दिसत नाही? मी लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी टेबल गायब झालं. आठवड्याने दोनशे पावलांवर, वडाखाली, पुन्हा लागलं. पाठपुरावा चालू आहे, काय होतं ते इथे लिहीनच.

मी माझा विमा काढला. भावाच्या वकिलाच्या फीमध्ये निम्मा वाटा उचललाय. पत्ता मीच दिला होता ना.

आज रात्री झोपायच्या आधी आपापल्या गाडीचा नंबर तेवढा तपासा.