बंध सैल करताना

नागापूर हे सीना नदीकाठचे गाव. आज मात्र औद्योगिक वसाहत आणि नगर-मनमाड रस्त्याची अखंड वर्दळ यांमुळे तेथे गावपणापेक्षा शहरपणच अधिक जाणवते. येथील एका जैन कुटुंबात कुत्र्याचे पिल्लू आले. नातवाने त्याचे नाव मोती ठेवले.

मोती सात महिन्यांचा झाला आणि एके सकाळी उघड्या फाटकातून थेट रस्त्याकडे धावला. नातू हाका मारीत मागे पळाला. मोतीला तो खेळ वाटला आणि तो अधिकच वेगाने पळू लागला. एका ट्रकचालकाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून दोघेही वाचले. त्याच दिवशी आजोबांनी साखळी आणली.

मोती सुरक्षित झाला, पण दिवसभर चार हातांच्या परिघात फिरू लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकू लागला. सायंकाळी प्रतिक्रमणात अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांची आलोचना करताना आजोबा थबकले. मारणे, अवयव कापणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे या चौघांच्याही आधी गणना आहे ती बांधण्याची. टीकाकारांनी त्यातही भेद केला आहे. प्रयोजनापुरते, सैल, आग लागल्यास प्राण्याला सुटता येईल असे बांधणे वेगळे आणि निर्दयपणे जखडून टाकणे वेगळे. आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे १९६० च्या कायद्यानेही गुन्हा ठरविले आहे.

साखळी ठेवावी तर दोष, सोडावी तर रस्ता. या पेचातून वाट दाखविली ती मेंढ्यांचा कळप घेऊन निघालेल्या एका धनगराने. त्याचा कुत्रा दोरीविना चालत होता आणि थोड्या थोड्या वेळाने वळून धन्याकडे पाहत होता. त्याला बांधणारी दोरी नव्हती. धन्याकडे लक्ष ठेवण्याची सवय होती.

ती सवय मोतीला लावायचे ठरले. आरंभ घरातच झाला. ‘ये’ हा एकच शब्द, एकदाच उच्चारायचा. आला की पनीरचा किंवा पोळीचा लहानसा तुकडा आणि पाठीवर थाप. शिकवणी संध्याकाळच्या जेवणाआधी होई. भूक थोडी असावी, पण उपाशी मात्र ठेवायचे नाही. शेजारच्या मुलांनी आणलेल्या मनुका आजोबांनी परत केल्या, कारण त्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. कांदा-लसूणही त्याला घातकच. पण त्या घरात तो प्रश्नच नव्हता!

पुढे नदीकडच्या मोकळ्या रानात दहा मीटरची हलकी दोरी आली. गळ्याला हिसका बसू नये म्हणून ती छातीच्या पट्ट्याला बांधली जाई. तेथे दोन चुका लक्षात आल्या. उशिरा आलेल्या मोतीला नातू रागावला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मोती जवळ येईना. येण्याचे फळ शिक्षा असेल, तर कोण येईल? दुसरी चूक अशी, की घरी नेण्याच्या वेळीच हाक मारली जाई. त्यामुळे हाक म्हणजे खेळ संपला, असे मोतीने ताडले. मग त्याला बोलवायचे, खाऊ द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचे, असा क्रम ठरला. तो येणार नाही असे दिसत असेल, तर शब्द वायाच घालवायचा नाही. आपणच उलट दिशेने पळायचे. मग तो मागे येतो.

वाढीच्या वयात मोती मध्येच शिकलेले विसरल्यासारखा वागे. तेव्हा न चिडता पुन्हा दोरी लागे आणि पहिला धडा सुरू होई. असे कित्येक महिने गेले.

एका संध्याकाळी दोरी सोडलेला मोती बगळ्यामागे सुसाट धावला. नातवाने एकदाच हाक दिली. मोती थांबला, क्षणभर बगळ्याकडे पाहिले आणि माघारी वळला. आजोबांनी त्याला खाऊ दिला आणि पुन्हा रानात सोडले.

रस्त्यावर मात्र आजही दोरी असतेच. किती शिकला तरी मोतीला ट्रकचा वेग कळत नाही. तेथील जबाबदारी माणसाची. रान आले, की आजोबा स्वतः वाकून ती गाठ सोडतात.