वेताची खुर्ची

सॉपविथ कॅमलचं वीतभर मॉडेल बनवतोय. १९१७ सालचं ब्रिटिश लढाऊ विमान, दोन मजली पंखांचं. खरं २८ फूट रुंद. १/४८ मापात जेमतेम १८ सेंटिमीटर.

खोक्यात आलेली खुर्ची गुळगुळीत प्लॅस्टिकची. ती फेकली. खरी खुर्ची वेताची, विणलेली. वजनाला हलकी म्हणून.

मग तांब्याच्या बारीक तारा उभ्या केल्या नि शिवणाचा दोरा आतबाहेर विणला. गोंदानं ताठ केला, वर फिकट तपकिरी रंग. तबकड्या म्हणजे काळे ठिपके. वर वार्निशचा थेंब, झाली काच. दांड्याची मूठ म्हणजे वाकवलेल्या तारेची कडी. पुढ्यात दोन व्हिकर्स मशीनगनांची बुडं.

दोस्त म्हणतात, वरचा पंख बसला की हे कुणाला दिसणार? नाही दिसणार, बाबांनो. हरदितसिंग मलिक १९१७ साली कॅमलमधून लढले. त्यांचं नाव इतिहासात आहे, असायलाच पाहिजे. पण वैमानिकाच्या बुडाखालची खुर्ची विणणाऱ्याचं नाव कोण घेतो? त्याचीही बोटं सोलली असतील. नखाएवढी खुर्ची विणताना माझी सोलली, तेव्हा हे कळलं. ती झाकली जाईल. पण विमानात असेल.