फराळाचा डबा

परमुलुखात राहणाऱ्या नोकरदारास दिवाळीचा फराळ म्हणजे नुसता खाऊ नव्हे. घरून आलेल्या डब्यातून थोडे घरही येते. रायपूरच्या शंकरनगरात आमच्या बिऱ्हाडी नागपूरचे अनारसे आणि शेजारणीने दिलेली, पाकात मुरलेली तांदळाची देहरौरी एकाच ताटात नांदतात. अशा वेळी दातांच्या काळजीने मुलांना 'नको' म्हणावयास जीभ धजत नाही.

तसे म्हणण्याचे कारणही नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथे मनोरुग्णालयातील असहाय माणसांना मुद्दाम गोड चारून जे प्रयोग झाले, ते माणुसकीला लाजविणारेच होते. परंतु १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतून एक गोष्ट स्पष्ट झाली : जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा अधूनमधून चघळलेले चिकट गोड दातांस फार अधिक बाधते. प्रत्येक वेळी तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात, आणि ते निवारावयास लाळेला सुमारे अर्धा तास लागतो. डबा दिवसभर हाताशी राहिला की तिला उसंतच मिळत नाही.

आमच्या सहा वर्षांच्या कन्येस दुधाच्या दातांमागे पहिली पक्की दाढ नुकतीच आली आहे. आधीचा दात न पडता ती येते, म्हणून पुष्कळांस ती दुधाचीच वाटते. म्हणून आमच्याकडे फराळ ताटात, सर्वांनी मिळून, एकदाच. मग खळखळून चूळ. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले की डबा बंद. आमच्या निवृत्तीनंतरही त्या दाढेला पुष्कळ वर्षे सेवेत राहावयाचे आहे.