टँगमागची फट

बंदुकीचा बट कसा मोडला, असं विचारलं की रायपुरात उत्तर ठरलेलं असतं: ‘गिर गे रहिस’, पडली होती. कधीकधी ते खरंही असतं. पण बंदूक ब्राउनिंगची जुनी ऑटो-फाइव्ह असेल आणि तडा टँगच्या, म्हणजे बॉडीतून मागे लाकडात शिरणाऱ्या पोलादी पट्टीच्या टोकापासून निघून मुठीत उतरला असेल, तर मी पडण्याची गोष्ट मुकाट्याने ऐकून घेतो. बंदूक पडली तर लाकूड बाहेरून चेपतं, टवका उडतो. हा तडा आतून आलेला असतो, आणि त्याला बहुतेकदा आधी बट बसवणारा कारागीर जबाबदार असतो.

ही बंदूक मुळात इतर बारा बोअरसारखी नाही. जॉन ब्राउनिंगने तिचं पेटंट 1900 मध्ये घेतलं. विंचेस्टरशी रॉयल्टीवरून फिसकटलं. रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्या दिवशीच तिथले अध्यक्ष हृदयविकाराने गेले. मग गडी बोटीत बसून बेल्जियमला पोहोचला आणि तिथल्या एफएन कंपनीने बंदूक बनवायला घेतली. चार काडतुसं नळीत, एक चेंबरमध्ये, म्हणून फाइव्ह. गोळी सुटली की बॅरल आणि बोल्ट एकमेकांना धरून बॉडीत मागे सरकतात. मग बॅरल पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग एका नळीत असते आणि ती नळी थेट बटात शिरलेली असते. म्हणजे बट इथे नुसता खांद्याला टेकायचा दांडा नाही, यंत्राचं अर्धं पोट त्याच्यात आहे.

छत्तीसगडात अशा बंदुका येतात त्या जुन्या मालगुजारांच्या आणि जमीनदारांच्या घरांतून. शिकारीचा तो काळ कसा होता, ते वेगळं सांगायला नको. भारतातले शेवटचे म्हणून ज्यांची नोंद झाली ते तीन चित्ते 1947 मध्ये आपल्याच कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर या बंदुका भिंतीवर गेल्या. आता दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागतं आणि निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात. माझ्याकडे येतात त्या बहुतेक तिथून सुटल्यावर. चार महिने दमट खोलीत भिंतीला टेकून उभी राहिलेली बंदूक कशी परत येते, ते मिस्त्रीला विचारावं. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या बदलाने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आली, तेव्हा कोणती ठेवायची आणि कोणती द्यायची यावरून भावाभावांत झालेली भांडणंही माझ्या बाकावरच ऐकली. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय.

बंदूक हातात आली की आधी चेंबर आणि नळी रिकामी आहे ना ते बघायचं, गिऱ्हाइकाने शपथ घेतली असली तरी. मग बॅरल काढून ठेवायची. खालच्या टँगमधला लांब स्क्रू काढायला मी पेचकस त्या खाचेच्या मापाने घासून घेतो. सैल पेचकसाने खाच खराब केली की ती खूण बंदुकीच्या आयुष्यभर दिसते. नंतर बट सरळ मागे ओढायचा. पिरगाळायचा नाही.

आता लाकूड. ‘आपल्याकडे सागवान काय कमी आहे?’ हे सगळेच म्हणतात. भनपुरीच्या आरा मिलमध्ये मलाही हेच ऐकवतात. सागवान दारा-खिडक्यांना उत्तम. पण त्यात सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते, आणि पातळ कडेला त्याच्या ढलप्या निघतात. शिसम धक्का सोसतो, दिसतोही देखणा, पण जड. मागचा भाग जड झाला की बंदुकीचं तोंड वर राहतं आणि डावी-उजवीकडे फिरवताना ती अंगात आल्यासारखी वागते. अक्रोडाला तोड नाही. मात्र काश्मिरात अक्रोड तोडायला कायद्याने परवानगी लागते, त्यामुळे वाळलेला, जुना ठोकळा मिळाला तर मी भाव करत नाही. रेषा बघायच्या त्या मुठीत. तिथे त्या लांबीने सलग धावल्या पाहिजेत. मागच्या रुंद भागात कितीही नक्षी असो, मुठीत रेषा आडवी गेली की तो ठोकळा परत.

स्प्रिंगच्या नळीचं भोक आधी पाडायचं, बाहेरचा आकार नंतर. मग खरं काम सुरू होतं. दिव्याची काजळी तेलात कालवून लोखंडाला पातळ फासायची, बट हलक्या हाताने दाबून बसवायचा आणि काढायचा. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला, तेवढंच खरवडायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात. दिवस सरत आला की बॉडीच्या मागच्या सपाट कडेला सगळीकडे सारखा काळा रंग येऊ लागतो. धक्का त्या कडेनेच घ्यायचा असतो.

आणि टँगच्या टोकामागे मात्र काळं लागता कामा नये. तिथे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची. नवशिक्याला ही फट खटकते. गिऱ्हाइकाला तर ती कामचुकारपणा वाटते. ‘भाऊ, इथे जरा जागा राहिली की!’ राहिली नाही, ठेवलीय. ती बुजवून लाकूड टोकाला घट्ट भिडवलं, तर प्रत्येक बारासरशी पोलादी टोक मुठीत पाचरीसारखं घुसतं. चिकटपट्टीसारखा घट्ट बसलेला तो सुंदर बट मग काही मोसमांत फाटतो. सुबक कामाच्या नादात फुटलेले असे बट मी ठेवून दिलेत. शिकायला येणाऱ्या पोरांना भाषण देण्यापेक्षा ते हातात देतो.

बटाची लांबी लोक कोपर वाकवून मापतात. अंदाजाला ठीक. मी मालकाला डोळे मिटून बंदूक गालाला लावायला सांगतो, मग उघडायला. शॉटगनला मागची माशी नसते, तिचं काम डोळाच करतो. त्यामुळे गाल कुठे टेकतो यावर सगळं. अमेरिकी बट साधारण सव्वाचौदा इंचांचे. आपल्याकडच्या माणसाला ते लांब पडतात आणि काखेत अडकतात. नाक आणि अंगठा यांच्यात दोन बोटं राहिली की मी थांबतो.

पॉलिशला जवसाचं तेल. छत्तीसगडात अलसी शेताशेतात, त्यामुळे ते ताजं मिळतं. पातळ हात, वाळू द्यायचं, पुन्हा पातळ हात. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप पेट घेतात. मी तारेवर पसरून वाळवतो. लॅकरची चकाकी मागणारे येतात, त्यांना दुसरं दुकान सुचवतो.

देताना पुढचा हातधरा काढून मॅगझिनच्या नळीवरची लोखंडी रिंग दाखवतो. भारी काडतूस असेल तर ती स्प्रिंग आणि पितळी ब्रेक यांच्यामध्ये, हलकं असेल तर स्प्रिंगच्या खाली, बॉडीला लागून. खडकीच्या शक्तिमान काडतुसांचा डबा मालकाने सोबत आणलेला असतो. कोणतं वापरणार ते विचारून रिंग तशी लावतो, आणि पुढे काडतूस बदललं तर रिंगही बदलायची, हे त्याच्याकडूनच एकदा करून घेतो. भारी बार आणि हलक्या बाराची रिंग अशी जोडी जमली तर लाकूड कितीही चांगलं असो, ते तडकणारच.

पैसे घेताना एकच सांगणं असतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं. पहिला पावसाळा गेला की बंदूक परवान्यासह घेऊन यावी. स्क्रू तेव्हा परत आवळायचे, त्याचे पैसे नाहीत.